गिफ्ट पेपरचा खण कुठून आला

भेटवस्तू बांधायचे सामान घरात ठेवायचे कुठे, हा प्रश्न आज टापटिपीचा मानला जातो. कागदाच्या उंच गुंडाळ्या कपाटाच्या कोपऱ्यात कलंडतात, रिबिनींचा गुंता होतो, चिकटपट्टीचे टोक ऐन वेळी सापडत नाही, आणि जुन्या भेटींवरून अलगद सोडवलेले कागद गादीखाली पडून राहतात. याचा दोष घर चालवणाऱ्याच्या, म्हणजे बहुतेक वेळा बाईच्या, अव्यवस्थितपणावर टाकला जातो. मला तो अन्याय वाटतो. या पसाऱ्याला एक इतिहास आहे आणि तो बराच अलीकडचा आहे. दुकानदाराच्या फळीवर होणारे एक काम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत घरात येऊन पडले, आणि कामासोबत त्याचे सामानही आले.

भेट कागदात घालून देण्याची कल्पना तशी जुनीच. चीनमध्ये सोंग राजवटीच्या काळात दरबाराकडून अधिकाऱ्यांना पैशाची भेट कागदी पाकिटातून दिली जाई. पण त्यासाठी घरोघरी कागदाचा साठा करावा लागत नव्हता. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतही नाताळच्या भेटी पुष्कळशा घरी केलेल्या असत, आणि विकतची वस्तू दुकानदारच तपकिरी कागदात गुंडाळून सुतळीने बांधून देई. इतिहासकार विल्यम वेट्स यांनी दाखवले आहे की १८८० नंतरच्या चार दशकांत घरगुती भेटींची जागा कारखान्यातल्या मालाने घेतली. हजारोंच्या संख्येने निघालेली वस्तू ‘माझ्याकडून तुला’ म्हणून द्यायची, तर तिच्यावरची दुकानाची खूण झाकायला हवी. दुकानाचाच कागद त्यासाठी कुचकामी होता. देणाऱ्याने स्वतः निवडलेला आणि स्वतःच्या हाताने दुमडलेला कागद हवा होता.

ही गरज पुरवणाऱ्या गोष्टी अवघ्या वीस वर्षांत जमल्या. १ जानेवारी १९१३ रोजी अमेरिकी टपाल खात्याने पार्सल सेवा सुरू केली. त्याआधी टपालाने चार पौंडांपेक्षा जड गठ्ठा जात नसे. आता दूरच्या नातेवाइकाची भेट घरीच बांधून पाठवता येऊ लागली. १९१७ च्या नाताळात कॅन्सस सिटीतल्या हॉल बंधूंच्या दुकानातला पांढरा, लाल, हिरवा पातळ कागद संपला. तेव्हा रोली हॉल यांनी पाकिटांच्या आत अस्तर म्हणून लावायचे नक्षीदार फ्रेंच कागद फळीवर मांडले, एका तावाला दहा सेंट. ते हातोहात गेले. पुढच्या वर्षी तीन तावांना पंचवीस सेंट अशी विक्री झाली आणि लवकरच हॉल बंधू असा कागद स्वतः छापू लागले. हेच दुकान पुढे हॉलमार्क झाले. ही गोष्ट योगायोगाचा चमत्कार म्हणून सांगितली जाते. माझ्या मते तिच्यातला महत्त्वाचा तपशील वेगळा आहे: इथे कागद वस्तूपासून सुटून स्वतंत्र माल म्हणून विकला गेला. उरला प्रश्न चिकटवण्याचा. ३एम कंपनीतल्या रिचर्ड ड्र्यू यांची पारदर्शक चिकटपट्टी १९३० मध्ये बाजारात आली आणि १९३२ मध्ये जॉन बोर्डन यांनी तिला दातेरी पात्याची डबी दिली. लाख आणि सुतळी मागे पडली, अडाणी हातालाही नीट घडी जमू लागली. आता दुकानदाराची गरज राहिली नाही, आणि खण भरायला लागला.

यावर पहिला आक्षेप असा की साठवणे हा काटकसरीचा जुनाच स्वभाव आहे. आपल्याकडेही वाण्याच्या पुडीचा दोरा गुंडाळून ठेवत, कागद जपत. खरे आहे. पण तो दोरा फुलांच्या वेणीपासून फाटक्या पिशवीपर्यंत कुठेही चाले, कागद फडताळात अंथरला जाई. फुगे आणि मेणबत्त्या छापलेला झगमगीत ताव मात्र भेटीखेरीज कशालाच उपयोगी पडत नाही. शिवाय भेट वेष्टनातच द्यायची, हा आता नियम झाला आहे. समाजशास्त्रज्ञ थिओडोर कॅपलो यांनी अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या मन्सी शहरातल्या नाताळचा अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. कुणी सक्ती करत नसताना हा नियम सगळे पाळत होते. गुंडाळता न येणाऱ्या मोठ्या वस्तूलाही निदान रिबीन बांधली जाई. मानवशास्त्रज्ञ जेम्स कॅरियर यांनी टिपलेला अपवाद त्याहून बोलका आहे: घरी केलेल्या मुरंब्याला किंवा पावाला वेष्टन लागत नाही. जिथे दुकानाची खूणच नाही, तिथे झाकायचे काय?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कापडी वेष्टने तर शतकानुशतके घरात ठेवली जात होती. जपानच्या नारा शहरातल्या शोसोइन भांडारात आठव्या शतकातली वेष्टनवस्त्रे आहेत. एदो काळात तबकातल्या भेटीवर ‘फुकुसा’ नावाचे भरतकाम केलेले वस्त्र घालून ती पाठवत. घेणारा ते न्याहाळून देणाऱ्याकडे परत करी. आपल्याकडे दिवाळीच्या फराळाच्या ताटावरचा क्रोशाचा रुमाल असाच ताटाबरोबर परत येतो, आणि ताट रिकामे पाठवायचे नाही म्हणून त्यात निदान चिमूटभर साखर असते. ही वस्त्रेही ठेवावी लागतात, त्यांनाही डांबराच्या गोळ्या लागतात. तरी त्यांचा ढीग होत नाही, कारण त्यांचा मालक ठरलेला आहे. कागदाचे तसे नाही. भेट दिल्यावर तो कुणाचा? देणारा मागत नाही, घेणाऱ्याला टाकवत नाही. म्हणून एकाच चालीतून दोन साठे तयार होतात, एकीकडे कोऱ्या गुंडाळ्यांचा आणि दुसरीकडे वापरलेल्या तावांचा. पुढे पावसाळी दमट हवेत डिंकाला कसर लागते, चिकटपट्टी पिवळी पडते, हे ओघाने आलेच.

माझे म्हणणे बरोबर असेल, तर जिथे हे काम दुकानातच राहिले तिथे घरातला खण लहान असायला हवा. जपानमध्ये तसे दिसते. मित्सुकोशी या बड्या दुकानाने १९५० मध्ये चित्रकार गेनइचिरो इनोकुमा यांच्याकडून स्वतःचा वेष्टन-कागद करून घेतला. भेट कुठून आणली हे तिथे मिरवायचे असते, त्यामुळे झाकणे तर दूरच, दुकानाची खूणच वर हवी असते. महाराष्ट्रातही वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी स्टेशनरीच्या दुकानात एकच ताव निवडला जातो आणि दुकानदार तिथल्या तिथे बांधून देतो. लग्नात तर एक रुपयाचे नाणे चिकटवलेले पाकीट पुरते. आपल्या घरांत म्हणूनच कोऱ्या कागदापेक्षा जुना कागद जास्त सापडतो. कागदी दोऱ्यांच्या तयार पिशव्यांनी तर कागद, कात्री आणि चिकटपट्टी तिन्हींची गरज संपवली आहे. नावाची चिठ्ठी काढली की तीच पिशवी पुढच्या घरी जाते. मूळ मालकाकडे ती परतत नाही एवढे सोडले, तर तिची चाल फराळाच्या रुमालाच्या जवळ जाणारी आहे.