समुद्रजलातील कर्बरसायनाचे मापन : प्रमाणीकरणाचा इतिहास

सागरी मापनाचा इतिहास हा उपकरणांइतकाच प्रमाणीकरणाचाही इतिहास आहे. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये सामूची मोजपट्टी मांडली. तथापि निरनिराळ्या प्रयोगशाळांची कर्बमापने परस्परांशी विश्वासाने ताडून पाहणे दीर्घकाळ कठीणच राहिले. १९९० च्या दशकात अमेरिकेतील स्क्रिप्स संस्थेतून अँड्र्यू डिक्सन यांनी प्रमाणित समुद्रजलाचे नमुने पुरविल्यावर ही उणीव बरीच दूर झाली.

भारताच्या पश्चिम किनाऱ्याच्या दृष्टीने ही बाब विशेष महत्त्वाची आहे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात येथे खोलवरचे, प्राणवायू कमी व कार्बन डायऑक्साइड अधिक असलेले पाणी वर येते. त्यामुळे सामू ऋतुमानानुसार बदलतो. सबब एखाद्या हंगामातील नोंदीवरून आम्लीकरणाचा निष्कर्ष काढता येत नाही. त्यासाठी एकाच प्रमाणाने घेतलेल्या दीर्घकालीन नोंदीच आवश्यक ठरतात.