आजीचा हललेला फोटो

परवा नांदेडला भावाचा साखरपुडा झाला. फोटोग्राफरने निवडून चाळीसच फोटो दाखवले.

"बाकीचे?"

"नाही दाखवत साहेब, लोक गोंधळतात."

मला राजा दीनदयाळ आठवले. १९४८ पर्यंत नांदेड-लातूर निजामाच्या राज्यात होतं. त्यातल्या सहाव्या निजामाचे हे दरबारी फोटोग्राफर. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला. कॅमेऱ्यामागेही बाईच! पडद्यातल्या बाईचा फोटो कुणी बघायचा, हा अब्रूचा प्रश्न होता. दीनदयाळ १९०५ मध्ये गेले. त्यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. काचा कुणीतरी जपल्या, म्हणून तो काळ आज दिसतो.

आमची लातूरची आजी गेली तेव्हा घरात तिचा एकच फोटो होता, कपाळाला आठ्या घातलेला. स्टुडिओवाल्याच्या जुन्या पाकिटात त्याच दिवसाची दुसरी निगेटिव्ह निघाली. तोंडाला पदर लावून हसणारी आजी!

"हललाय ना, म्हणून तेव्हा दाखवलाच नव्हता," तो म्हणाला.

आज भिंतीवर तोच आहे.

असो. भावाच्या फोटोग्राफरला एवढंच म्हटलं, निवड तुमची, पण बाकीचे पुसू नका. हार्ड डिस्क मी देतो.