कोलोरॅडो नदीखोरे : क्षारता-नियंत्रण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सात व मेक्सिकोतील दोन राज्यांत पसरलेल्या कोलोरॅडो नदीच्या पाण्यातील विरघळलेले क्षार मर्यादेत ठेवण्यासाठी उभारलेली कायदेशीर व अभियांत्रिकी व्यवस्था. नदीची लांबी सुमारे २,३३० किमी. खोऱ्याचा बराच भाग रखरखीत असून येथील प्रमुख प्रदूषक कारखान्यांचे सांडपाणी नसून मीठ आहे.

क्षारांचा उगम : निम्म्याच्या आसपास क्षार निसर्गतः येतात. वरच्या खोऱ्यात प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेला मॅन्कोस शेल हा खडक बऱ्याच भागांत आढळतो. पिकाला लागते त्याहून जास्त दिलेले पाणी या थरांतून झिरपते आणि मीठ घेऊन पुन्हा नदीत उतरते. खालच्या जलाशयांतून पाण्याची वाफ होते, क्षार मात्र मागे राहतात.

मेहिकालीचा प्रश्न : १९४४ च्या तहाने मेक्सिकोला दरवर्षी सुमारे १८५ कोटी घनमीटर पाणी मिळाले, ते कसे असावे याचा स्पष्ट निकष तहात नव्हता. ही उणीव मेक्सिकोतील मेहिकाली खोऱ्याच्या शेतकऱ्यांना भोवली. ॲरिझोनातील वेल्टन-मोहॉक भागात कालव्याच्या पाण्याने भूजल वर आले, जमिनी बिघडू लागल्या. त्या वाचवण्यासाठी निचरा-विहिरींतून उपसलेले खारे पाणी १९६१ पासून हीला नदीवाटे, मेक्सिकोचे पाणी वळवणाऱ्या सीमेवरील मोरेलोस बंधाऱ्याच्या वर सोडण्यात आले. मेक्सिकोला मिळणाऱ्या पाण्यातील क्षार दर लिटरला सुमारे ८०० मिग्रॅ. वरून सरासरी १,५०० मिग्रॅ. च्या घरात गेले. काही वेळा २,७०० पर्यंतही. एका देशातील जमीन सुधारण्याची किंमत दुसऱ्या देशातील जमिनीने मोजली. मेहिकालीच्या खोऱ्यात कपाशीचे नुकसान झाले आणि मेक्सिकोने निषेध नोंदवला. नुकसानीच्या रकमेबाबत दोन्ही बाजूंचे अंदाज जुळत नाहीत.

३० ऑगस्ट १९७३ रोजी आंतरराष्ट्रीय सीमा व जल आयोगाच्या २४२ व्या कार्यवृत्ताने तोडगा निघाला. मोरेलोसच्या वर पोचणारे पाणी अमेरिकेतील इंपीरियल धरणापाशी असलेल्या पाण्यापेक्षा दशलक्षात ११५ (± ३०) भागांहून अधिक खारे नसावे, असे ठरले. ही मर्यादा वार्षिक सरासरीची आहे. कोवळे रोप मात्र त्या आठवड्यात मिळेल त्याच पाण्यावर वाढते, हा या निकषातील खरा दोष होय.

उपाय : १९७४ मध्ये क्षारता-नियंत्रण कायदा झाला. १९७५ मध्ये हूव्हर, पार्कर व इंपीरियल या धरणांपाशी अनुक्रमे दर लिटरला ७२३, ७४७ व ८७९ मिग्रॅ. असे निकष ठरले. सर्वांत गुणकारी उपाय साधे आहेत : कालव्यांना अस्तर, उघड्या चाऱ्यांऐवजी नळ, मोजून दिलेले पाणी. कोलोरॅडो राज्यातील पॅराडॉक्स खोऱ्यात डोलोरेस या उपनदीत झिरपणारे, समुद्रापेक्षा कितीतरी खारे भूजल आधीच उपसून ४ किमी. हून खोल विहिरीत दाबले जाते. त्यामुळे भूकंप होतात. मार्च २०१९ मध्ये ४.५ महत्तेच्या धक्क्यानंतर काम थांबवले गेले व पुढे कमी प्रमाणात सुरू झाले.

वेल्टन-मोहॉकचे खारे पाणी गोडे करण्यासाठी ॲरिझोनातील यूमा येथे उभारलेला निःक्षारीकरण प्रकल्प सुमारे २५ कोटी डॉलर खर्चून १९९२ मध्ये पूर्ण झाला. तो काही महिनेच चालला. पुढे २०१०–११ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर चालवला गेला.

इतर प्रदूषके : सेलेनियम, युरेनियम खाणींचा गाळ. ऑगस्ट २०१५ मध्ये गोल्ड किंग खाणीतील दूषित पाणी खोऱ्यातील ॲनिमस नदीत शिरले.

त्रिभुज प्रदेश : वेल्टन-मोहॉकचे खारे पाणी १९७७ पासून वेगळ्या चरातून मेक्सिकोतील सिएनेगा दे सांता क्लारा येथे सोडले जाते. तेथे सुमारे १६,००० हेक्टरांची पाणथळ तयार झाली असून १९९३ पासून ती राखीव जीवावरण क्षेत्रात आहे. यूमा प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालवला, तर तिला मिळणारे हेच पाणी घटेल व अधिक खारे होईल.