हरीण, बाण आणि थंडीतला माळा

हरभऱ्याचे शेंडे हरणांनी खुडलेले फोटो मागे टाकले होते. त्यावर दोघा-तिघांनी विचारलं, "अमेरिकेत शेतकरी झाडावर बसून बाणाने हरीण मारतो, त्याला परवाना मिळतो. मग आपल्यालाच बंदी का?" प्रश्न रास्त आहे. पण त्यामागचा इतिहास जरा निराळा आहे.

तिकडचं हरीण पांढऱ्या शेपटीचं. त्याची शिंगं दर हिवाळ्यात गळतात, आपल्या काळविटासारखी कायमची नसतात. मांस आणि कातडं बाजारात विकायला त्यांनी ते इतकं मारलं की १९०० च्या सुमारास सगळ्या देशात पाच लाखसुद्धा उरलं नाही म्हणतात. इंडियाना राज्यात १८९३ नंतर हरीणच नव्हतं. १९३४ पासून दुसऱ्या राज्यांतून आणून सोडावं लागलं. म्हणजे परवाना नंतर आला, आधी सगळं संपवून झालं होतं.

आता धनुष्याचं. १९११ साली कॅलिफोर्नियात ओरोव्हिल गावाजवळ एक उपाशी माणूस सापडला. गोऱ्या वसाहतवाल्यांनी कत्तली करून संपवलेल्या याही जमातीतला तो शेवटचा. त्याला इशी म्हणू लागले, म्हणजे नुसतं 'माणूस'. सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात त्याला ठेवलं. तिथल्या इस्पितळातले डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्य बनवायला, दबा धरायला शिकले. १९१६ ला इशी क्षयाने गेला. पोप यांनी १९२३ मध्ये धनुष्यबाणाच्या शिकारीवर पुस्तक लिहिलं आणि शहरातली माणसं बाणाच्या नादी लागली. ज्यांची जमीन घेतली त्यांचंच हत्यार हौस म्हणून परत आलं, हे मला वाचताना फार टोचलं.

१९३४ ला विस्कॉन्सिन राज्याने फक्त धनुष्यवाल्यांसाठी हंगाम ठेवला, तोही सॉक आणि कोलंबिया या दोनच काउंटींत. त्या वर्षी एकच नर पडला! कारण बाण गोळीसारखा लांब चालत नाही. हरीण पंधरा-वीस पावलांवर यावं लागतं, आणि त्याचं नाक भारी. म्हणून झाडावर माळा. उंचावर बसलं की माणसाचा वास थोडा वरून निघून जातो, आणि हरीण सहसा मान वर करत नाही. पण नोव्हेंबर-डिसेंबरात तिकडे पाणी गोठतं. तासन्‌तास न हलता बसायचं, बोटं बधिर, दंड आखडलेले, आणि हरीण आलं की त्याच हातांनी दोरी ओढून धरायची. आपण ज्वारीच्या माळ्यावर निदान गोफण फिरवून, आरोळ्या ठोकून अंग गरम करतो. तिथे खोकलायचीही सोय नाही.

ही अडचण मिसुरीच्या हॉलेस अ‍ॅलन यांनी बरीच हलकी केली. धनुष्याच्या टोकांना त्यांनी चाकं बसवली, १९६९ ला पेटंट मिळालं. पूर्ण ओढल्यावर ओढ एकदम कमी होते, मग हरीण वळेपर्यंत धरून ठेवता येतं. तिथून धनुष्यवाले भरमसाट वाढले.

बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राज्यांना द्यायचा कायदा १९३७ चा. १९७२ ला धनुष्यबाणही त्यात आले. आज तिकडे हरीण तीन कोटींच्या घरात आहे, आणि मका-सोयाबीनवाला तिकडेही रडतोच.

त्याच १९७२ ला आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला. काळवीट अनुसूची एकमध्ये, पिकाच्या नुकसानीसाठी त्याला मारता येत नाही, पंचनामा करून भरपाईच मागायची. रानडुक्कर आणि रोही यांच्याबाबत वन खात्याच्या परवानगीची वाट कायद्यात आहे. दोन्ही एकाच मापाने मोजू नका. माझं मत विचाराल तर आधी तालुकावार मोजणी पाहिजे. तिकडे कुठे किती मारायचं ते मोजणीवरून ठरतं. इथे आकडाच नसेल तर आपण कशाच्या जोरावर भांडायचं?

आणि एक. हरणाची वाट, पाणी, वारा ओळखणारे आपल्याकडे फासेपारधी होते. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने अशा जमातींवर गुन्हेगार म्हणून शिक्का मारायला सुरुवात झाली, तो १९५२ ला कागदावरून निघाला. तुमच्या गावात त्यातलं एखादं जुनं माणूस असेल तर कळप कुठून आत शिरतो आणि कुठे अडवावा, एवढं त्याला विचारून लिहून ठेवा. कुंपण घालताना उपयोगी पडेल.