‘पक्का’: वीट आणि मडके

इंग्रजीत ‘पक्का’ नावाचे एक विशेषण आहे. आता ते जुनाट वाटते, पण पुरते मेलेले नाही. अस्सल, अव्वल, जसे असावे तसे, असा त्याचा अर्थ. शब्द अर्थातच आपल्याकडचा. संस्कृतातील ‘पच्’ म्हणजे शिजवणे; त्यापासून ‘पक्व’ आणि पुढे ‘पक्का’. इंग्रजीतला ‘कुक’ हाही लॅटिनमार्गे त्याच आदिधातूपर्यंत पोहोचतो. तेव्हा हा पाहुणा इंग्रजीला तसा परका नव्हे, दूरचा भाऊबंदच म्हणायचा.

कंपनीच्या काळात तो व्यवहाराचा शब्द होता. पक्का शेर भरीव, कच्चा शेर हलका. भट्टीत भाजलेली वीट पक्की, उन्हात वाळवलेली कच्ची. १८८६ साली यूल आणि बर्नेल यांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात ही जोडी नोंदवली, तोवर घर, रस्ता, रंग, नेमणूक, इतकेच काय पण लबाड माणूसही पक्का होऊ लागला होता. पुढे त्यातून ‘पक्का साहेब’ निघाला. हे पक्केपण मात्र शिजून येणारे नव्हते. ते जन्माने, कातडीच्या रंगाने आणि क्लबच्या दाराने ठरत असे. १९३४ साली ऑर्वेलने ‘बर्मीज डेज’मध्ये या साहेबी बाण्याचे पोकळपण उघडे केले.

असे साहेब मराठवाड्यानेही पाहिले. निजामाच्या खर्चाने पोसलेल्या आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालच्या हैदराबाद कंटिन्जंटची एक छावणी हिंगोलीस होती. १९०३ साली हे सैन्य हिंदुस्थानच्या लष्करात विलीन झाले. परंतु त्याच हिंगोलीच्या परिसरात पक्केपणाची एक निराळी कसोटी कितीतरी आधीपासून सांगितली जात होती.

हिंगोलीजवळचे नरसी हे नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते, जन्म १२७०चा. संतचरित्रांतील कथा अशी: संतमेळ्यात गोरोबा कुंभारांनी थापटण्याने एकेकाचे डोके ठोकून पाहिले. इतरांनी निमूट सोसले. नामदेव मात्र रागावले. विठ्ठलाशी आपली इतकी सलगी, आपली कसली परीक्षा! गोरोबांनी निवाडा दिला, हे मडके कच्चे आहे. तेथून नामदेवांची वाट औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेली. विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले. नामदेवांनी हटकले, तेव्हा म्हणाले, देव नसेल तेथे माझे पाय ठेव. पाय जेथे ठेवावेत तेथे लिंग दिसू लागले.

ही कथा इतिहासाचा दस्तऐवज नव्हे. पण या परंपरेने ‘पक्का’ कोणाला म्हटले, याचा पुरावा म्हणून ती पुरेशी आहे. येथे सलगीचा अभिमान हेच कच्चेपणाचे लक्षण आहे. क्लबात नेमकी तीच सलगी पक्केपणाची खूण होती. शिवाय येथे कच्च्याला बाहेर काढत नाहीत, भट्टीची वाट दाखवतात. त्या वाटेने गेलेल्या नामदेवांचा शब्द पंजाबपर्यंत पोहोचला. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत.

भाजणे दोन्हीकडे सारखेच. इंग्रजीने वीट उचलली आणि तिची भिंत बांधली. गोरोबांच्या हाती मडके होते, आणि ते भाजायचे ते पाणी राहावे म्हणून.