उजनी जलाशय : पक्षिजीवन व पर्यटन – एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
भीमा नदीवरील उजनी धरणाचे बांधकाम १९६६ मध्ये सुरू होऊन १९८० मध्ये पूर्ण झाले. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात उभारलेल्या या धरणाचे मुख्य प्रयोजन अवर्षणप्रवण भागास सिंचन पुरविणे हे होते. पक्षी वा पर्यटक हे त्याचे प्रयोजन नव्हते. तरीही जलाशयाच्या वरच्या टोकाचा भिगवण परिसर आज पक्षिनिरीक्षणासाठी प्रसिद्ध आहे. हे परिवर्तन कसे घडले व ते कशावर टिकून आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बुडीत क्षेत्र व नवा अधिवास :
इंदापूर, करमाळा व दौंड तालुक्यांतील नदीकाठची गावे व सुपीक काळी जमीन जलाशयाखाली गेली. पळसदेव येथील प्राचीन मंदिरही पाण्यात गेले. पाणी ओसरले की ते पुन्हा दिसू लागते. वाहत्या नदीचे डोह, वाळवंटे व काठची झाडी नाहीशी झाली आणि त्यांवर अवलंबून असणारे जीवन विस्कटले.

मात्र भिगवणकडील भूभाग उथळ उताराचा असल्याने तेथे पाण्याची पातळी थोडी खाली गेली, तरी विस्तीर्ण दलदल उघडी पडते. तिच्यातील शेवाळ, कीटक व लहान जलचर यांवर रोहित, चित्रबलाक, चक्रवाक इत्यादी पक्षी पोसले जातात. हिवाळ्यात मध्य आशियातून पट्टकादंब येतात. शेतजमिनीच्या जागी पाणथळ भूमी निर्माण झाली ती अशी.

पर्यटनाचा आधार :
कुंभारगाव, डिकसळ येथील मच्छीमार हंगामात पर्यटकांना होडीतून पक्षी दाखवितात. परंतु या उत्पन्नाचा आधार जलाशयाची पातळी हाच आहे. धरणाची एकूण साठवण क्षमता सुमारे ११७ टी.एम.सी. असून तिच्यातील निम्म्याहून अधिक भाग मृत साठा आहे. पाणी उशिरापर्यंत भरलेले राहिले, तर दलदल उघडी पडत नाही व रोहित अन्यत्र पांगतात. याउलट २०१३ व २०२४ च्या उन्हाळ्यांत साठा मृत पातळीच्याही खाली गेला. उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर झाली, तर पक्ष्यांची चराऊ जागा आक्रसते.

प्रदूषणाचा प्रश्नही गंभीर आहे. मुळा-मुठेतून पुणे व पिंपरी-चिंचवड परिसराचे सांडपाणी भीमेत मिसळते. त्यातील पोषकद्रव्यांमुळे शेवाळ व जलपर्णी फोफावतात. जाळ्यात आता चिलापी हा परकीय मासा मोठ्या प्रमाणात येतो. शेवाळाची वाढ काही पक्ष्यांना तात्पुरती लाभदायक ठरत असली, तरी ती पाण्याच्या आरोग्याचे लक्षण नव्हे.

समारोप :
उजनीच्या इतिहासावरून असे दिसते की, येथील पक्षिवैभव ही निसर्गाची अबाधित देणगी नसून मानवनिर्मित पाण्याच्या चढउताराची उपज आहे. ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांच्या त्यागावर सिंचन उभे राहिले, आणि त्याच पाण्याच्या काठावर पुढे पक्षी व पर्यटन आले. पाणीवाटपाच्या चर्चेत शेती, उद्योग व शहरे यांचा वाटा मोजला जातो. पातळी केव्हा व किती उतरावी, या प्रश्नात दलदलीचा हिशेबही समाविष्ट व्हावयास हवा. तसे न झाल्यास भिगवणचे पर्यटन सिंचनाच्या वेळापत्रकावर अवलंबून असलेला योगायोगच ठरेल.