जागल्या आणि ठाण्याची वही (एपिसोडचं लिखित रूप)

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे पाल्हाळ लागलं होतं ते थोडं कापलंय. एक सूचना आधीच देतो, विषय लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचा आहे. तपशील टाळलेत, पण घरात मुलं असतील तर हेडफोन लावा असं ऐकणाऱ्यांनाही सांगितलं होतं.

सुरुवात एका शब्दापासून करू. इंग्रजीत ज्याला व्हिसलब्लोअर म्हणतात त्याला मराठीत आपण 'जागल्या' म्हणतो. हा शब्द वर्तमानपत्रांनी घडवलेला नाही, जुनाच उचललेला आहे. जागल्या म्हणजे गावाची रात्रीची राखण करणारा वतनदार. कुठे हे काम रामोशी करत, कुठे महार, कुठे कोळी किंवा भिल्ल. आपला दौंड-शिरूर-पुरंदरचा पट्टा म्हटलं तर रामोशी आलेच. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात या राखणदारांबद्दल बरंच आहे. चोरी झाली की राखणदाराने माग काढायचा. माग शिवेपर्यंत नेऊन पुढच्या गावाला दाखवून दिला की जबाबदारी त्या गावाची. माग लागलाच नाही तर नुकसानभरपाईचा बोजा राखणदारावर आणि गावावर.

आता ही व्यवस्था काही गोड नव्हती. जातीने बांधलेली होती, आणि ज्यांच्या जिवावर गाव झोपायचं त्यांनाच पुढे इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलं. पण एक गोष्ट मला त्यात महत्त्वाची वाटते. 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर तिथे चालत नव्हतं. राखणदाराला माहीत असणं हेच त्याचं काम होतं.

मग आजच्या राखणदाराचं, म्हणजे पोलीस ठाण्याचं काय? मुलांवर अत्याचार होतोय हे ठाण्यात माहीत आहे आणि तरी काही होत नाही, अशा वेळी आतला कोणी बोलतो का? पोलीस खात्यातून असा आवाज उठल्याची सगळ्यात ठळक गोष्ट मँचेस्टरची आहे. ती आधी सांगतो, मग आपल्याकडे येऊ.

२००३ मध्ये मँचेस्टरमध्ये सरकारी देखभालीखाली असलेली १५ वर्षांची एक मुलगी हेरॉइनच्या इंजेक्शनने मेली. तिचा प्रौढ पुरुषांकडून वापर होत होता हे तिने आधी सांगितलेलं होतं. त्यातून २००४ साली पोलिसांनी 'ऑपरेशन ऑगस्टा' सुरू केलं. मार्गारेट, म्हणजे मॅगी ऑलिव्हर ही डिटेक्टिव्ह त्यात होती. मधल्या काळात नवऱ्याच्या कॅन्सरमुळे ती रजेवर गेली. परत आली तेव्हा तपास गुंडाळलेला होता. २०२० च्या जानेवारीत जो स्वतंत्र अहवाल आला त्याने सांगितलं की त्या तपासात किमान ५७ मुली बळी असाव्यात असं दिसत होतं, ९७ संशयितांची नावं समोर आली होती, आणि तपास बंद होण्यामागे मनुष्यबळाची ओढाताण हे मोठं कारण होतं. म्हणजे मुली खोटं बोलत होत्या असं कोणी म्हणत नव्हतं. माणसं द्यायची नव्हती.

पुढे शेजारच्या रोशडेलमध्ये तेच. २००८ साली एका मुलीने पोलिसांना सगळं सांगितलं. २००९ मध्ये सरकारी वकिलांच्या कार्यालयाने ठरवलं की ही साक्षीदार कोर्टात टिकणार नाही. फाईल बंद. २०११ मध्ये नवे मुख्य सरकारी वकील नझीर अफझल यांनी तो निर्णय फिरवला आणि २०१२ च्या मे महिन्यात नऊ जणांना शिक्षा झाली. दरम्यान सारा रोबॉथम नावाची आरोग्य कर्मचारी २००५ पासून १८० हून जास्त वेळा लेखी कळवत होती, की मुली संकटात आहेत.

मॅगी ऑलिव्हर या दुसऱ्या तपासातही होती. मुलींचा विश्वास मिळवायचं काम तिच्याकडे होतं. तिने तो मिळवला, आणि मग त्यातल्या एका मुलीला खात्याने साक्षीदार म्हणून उभं करायचं सोडून आरोपपत्रात गुन्हेगारांची साथीदार म्हणून दाखवलं. ऑलिव्हरने वरिष्ठांकडे दाद मागितली, काही झालं नाही. तिने २०१२ च्या अखेरीस राजीनामा दिला आणि मग ती जाहीर बोलली. इथे थोडं थांबा. ती नोकरीत असताना नाही बोलू शकली, नोकरी सोडून बोलली. २०२२ च्या एप्रिलमध्ये मँचेस्टरच्या पोलीस प्रमुखांनी तीन पीडितांची माफी मागितली. २०२४ च्या अहवालाने ऑलिव्हर आणि रोबॉथम दोघींचं म्हणणं खरं होतं असं नोंदवलं.

आता मुंबई. साल २००१.

डंकन ग्रँट नावाच्या ब्रिटिश माणसाने १९९५ च्या सुमारास कुलाब्यात रस्त्यावरच्या मुलांसाठी 'अँकरेज' नावाचं निवारागृह काढलं. पुढे कफ परेडला, मग मुरुडला. त्याचा मित्र ॲलन वॉटर्स तिथे यायचा-राहायचा. गेटवेच्या आसपास भटकणाऱ्या पोरांना जेवण, कपडे, घड्याळं, भेटवस्तू. बाहेरून बघणाऱ्याला काय वाटेल? गोरा माणूस, समाजसेवा, चांगलं चाललंय.

मुलं बोलत होती. हे सगळ्यात महत्त्वाचं. 'मुलं बोलत नाहीत' असं आपण सहज म्हणतो, पण या प्रकरणात ती बोलली. पत्रकार आणि लेखिका मेहेर पेस्तनजी यांच्यापर्यंत त्यांचं बोलणं पोचलं, तिथून ते चाइल्डलाइनकडे गेलं. चाइल्डलाइन, १०९८, ही हेल्पलाइन मुंबईतच, टाटा इन्स्टिट्यूटमधून १९९६ मध्ये सुरू झालेली. पोलिसांना कळवलं गेलं. गुन्हा नोंदला गेला नाही. उच्च न्यायालयाने नेमलेली बालन्यायविषयक देखरेख समिती होती, निवृत्त न्यायमूर्ती होस्बेट सुरेश तिचे अध्यक्ष. तिच्या सदस्यांनी मुलांना भेटून त्यांचं म्हणणं लिहून घेतलं. शेवटी ॲडव्होकेट माहरुख आदेनवाला यांनी उच्च न्यायालय गाठलं आणि २००१ च्या नोव्हेंबरात कुलाबा पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला.

ही यादी परत बघा. एक पत्रकार, एक हेल्पलाइन, एक समिती, एक वकील, एक हायकोर्ट. एवढं सगळं एका एफआयआरसाठी. आणि या यादीत खाकी वर्दीतला माणूस एकही नाही. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला आहे, आमच्याकडे एक बोचरी म्हण फिरते की तिकीट नाही तर बग नाही. ठाण्याच्या वहीत ओळ नाही तर गुन्हा नाही, हे त्याचंच रूप. फरक एवढाच की आमच्याकडे बग ग्राहकाच्या स्क्रीनवर दिसत राहतो.

पुढचं वेगाने सांगतो. दोघेही परदेशात निघून गेलेले. वॉटर्सला २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळावर पकडलं, २००४ मध्ये भारतात आणलं. ग्रँट २००५ मध्ये शरण आला. २००६ च्या मार्चमध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने दोघांना सहा वर्षं सक्तमजुरी आणि प्रत्येकी २०,००० पौंड दंड ठोठावला. २००८ मध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. चाइल्डलाइन सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १८ मार्च २०११ ला न्या. सदाशिवम आणि न्या. चौहान यांनी सत्र न्यायालयाची शिक्षा परत लागू केली. २००१ मध्ये जो मुलगा दहा-बारा वर्षांचा असेल तो तोवर विशीत गेला.

त्या वेळी मुलांसाठी वेगळा लैंगिक अत्याचाराचा कायदाच नव्हता, हे लक्षात ठेवा. पॉक्सो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. त्यातलं कलम १९ सांगतं की माहिती आली की पोलिसांनी तिला नोंद क्रमांक द्यायचा, लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, वहीत चढवायची. कायद्याने चक्क वहीचं नाव घेतलंय! कलम २१ मध्ये न कळवणाऱ्याला आणि न नोंदवणाऱ्याला दोघांनाही शिक्षा आहे. वर्षभराने, २०१३ च्या नोव्हेंबरात, ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती असेल तर एफआयआर घ्यावाच लागेल. तो खटलाही एका अल्पवयीन मुलीच्या अपहरणाचा. बापाची तक्रार कोणी घेत नव्हतं.

कायदा झाला, मग प्रश्न मिटला? २०२२ च्या जूनमध्ये मुंबईच्या तेव्हाच्या पोलीस आयुक्तांनी आदेश काढला की विनयभंग आणि पॉक्सोचे गुन्हे सहायक आयुक्तांची शिफारस आणि उपायुक्तांची परवानगी घेऊनच दाखल करा. कारण दिलं खोट्या तक्रारींचं. बाल हक्क आयोगांनी आक्षेप घेतले, आदेश मागे गेला. पण विचार करा, ठाणे अंमलदाराला कायदा म्हणतो लिही, आणि साहेब म्हणतात थांब.

आणि मग ऑगस्ट २०२४, बदलापूर. शाळेतल्या दोन चिमुकल्या, आरोपी सफाई कर्मचारी. पालक ठाण्यात ताटकळले, जवळपास बारा तासांनी १६ ऑगस्टच्या रात्री गुन्हा नोंदला गेला. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, लोकल दिवसभर ठप्प. त्यानंतर वरिष्ठ निरीक्षकांसह तीन पोलीस निलंबित. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, शाळेच्या विश्वस्तांवर न कळवल्याबद्दल गुन्हा लागला. आरोपी २३ सप्टेंबरला पोलिसांच्या गाडीतच गोळीबारात मेला, त्यामुळे त्या मुलींना कोर्टाचा निकाल मिळालाच नाही. काही जणांनी पेढे वाटले. मला त्यात आनंदाचं काही दिसत नाही.

म्हणजे २००१ मध्ये हायकोर्ट लागलं, २०२४ मध्ये रेल रोको लागला. दोन्ही वेळा दार बाहेरून ढकललं गेलं.

आतल्याने का नाही ढकललं? दौंडला एसआरपीएफचे दोन गट आहेत, ५ आणि ७. आपल्या भागात पोलिसांची घरं भरपूर. ही माणसं दगडाची नाहीत, त्यांनाही लेकरं आहेत. पण त्यांचे हात बघा कसे बांधलेत. १९६६ चा पोलीस दलांचे हक्क मर्यादित करणारा केंद्रीय कायदा सांगतो की परवानगीशिवाय पोलिसाने वर्तमानपत्राशी बोलायचं नाही. दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कळवायचं असेल तर वरिष्ठाला, आणि बहुतेक वेळा तक्रार त्या वरिष्ठाबद्दलच असते.

यासाठीच जागल्या संरक्षण कायदा हवा होता. महामार्ग प्रकल्पातला भ्रष्टाचार उघड करणारे इंजिनिअर सत्येंद्र दुबे यांचा २००३ मध्ये खून झाला, त्यानंतर मागणी वाढली, आणि २०१४ च्या मे महिन्यात संसदेने केलेल्या कायद्यावर राष्ट्रपतींची सहीही झाली. पण कायदा लागू करण्याची अधिसूचना निघालीच नाही. न लिहिणाऱ्या पोलिसाला शिक्षा आहे, आणि 'साहेब लिहू देत नाहीत' असं सांगणाऱ्या पोलिसाला संरक्षण नाही. माझ्या मते खरी भोक इथे आहे, आणि शिक्षा वाढवून ती बुजणार नाही.

पाटसच्या ऐकणाऱ्यांसाठी एक. कारखान्याचे हंगाम सुरू झाले की उसाच्या फडांवर टोळ्या येतात, त्यांच्यासोबत मुलंही येतात. त्यांना इथलं कोणी ओळखत नाही, चौकी कुठे हेही माहीत नसतं. त्यातल्या कोणा आईला तुम्ही ठाण्यात घेऊन गेलात आणि 'अर्ज ठेवून जा, साहेब आले की बघू' असं ऐकलंत, तर अर्ज ठेवून येऊ नका. कलम १९ प्रमाणे नोंद क्रमांक मागा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेऊनच उठा. नाहीच म्हणाले तर तिथूनच १०९८ लावा, आणि तक्रार लेखी पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. पोचपावती जपून ठेवा.

पुढच्या भागात गाव पोलीस पाटलाच्या पदाचा इतिहास, १८६७ च्या कायद्यापासून.